तीन पायांचं पाखरू

हर्नडन, अमेरिका,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५
पितृपंधरवडा चालू

अहो,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत, माझे गुडघे सोडून, आणि ते तिकडे तरी कुठे खुशाल होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण तुम्हाला सोडून मी माहेरीसुद्धा आठ दिवसांवर राहिले नाही. मायना काय घालतात म्हणून रेणूला विचारलं, तर आपली सूनबाई म्हणते, "आई, मी आयुष्यात फक्त ईमेल लिहिलेत. हाय लिहा." आता या वयात तुम्हाला हाय लिहू का मी? म्हणून आपलं नेहमीचं "अहो" घातलं. त्यात सगळं येतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. तर फोनवर एक नाव निघालं की तुम्ही "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणता आणि फोन ठेवता. मला काय कळत नाही होय? इकडून आवाज चांगला खणखणीत जातो. कागदाचं तसं नाही. कागद रागानं फडताळात टाकला तरी तिथंच राहतो, आणि दुपारच्या चहानंतर माणूस गपचूप जाऊन तो पुन्हा काढतो. इथं शेजारी निमिष म्हणून पुण्याचा पोरगा आहे, शेखरच्याच ऑफिसातला, तो बुधवारी घरी निघालाय. तो पुण्यात टपालात टाकेल. चौथी पास बाईचं अक्षर आहे. चष्मा लावून वाचा आणि माझ्या जोडाक्षरांना हसू नका.

म्हाळ झाला का? कांचनवन्सं आल्या असतील स्वयंपाकाला. वडे फुगले का यंदा तरी? मागच्या वर्षी कावळा लवकर शिवेना, तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी परत तोच विषय काढला होता, की मामंजींच्या पानाशी एक घोट ठेवला असता तर केव्हाच शिवला असता. आणि तुम्ही म्हणालात, "कावळा उपाशी गेला तरी चालंल, पण या घरात दारूचा थेंब येणार न्हाई." शेवटी आलाच की कावळा. वडा घेऊन गेला. मी इथं मागच्या डेकवर पान ठेवलं, तर कावळ्याच्या आधी खार आली आणि पुरी घेऊन पळाली. शेखर म्हणतो, "आई, सोसायटीवाले नोटीस पाठवतील." म्हटलं पाठवू देत, पितर काय त्यांची परवानगी काढून येतात?

म्हैस दूध किती देते? शेवग्याची फांदी पावसानं मोडली म्हणत होता, ती तोडली का?

आणि देवघरातलं आपलं पाखरू बरं आहे ना? शेखर तीन वर्षांमागं आला तेव्हा इथल्या कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या बाजारातून घेऊन आला होता. काय हसलो होतो आपण बघून. एकीकडे चोच, दुसरीकडे शेपूट, खाली तीन पाय, काठावर दोन शिंगं. तुम्हीच पाखरू नाव ठेवलंत. महादेवावर काय धार पडते त्याच्या चोचीतून, केसाएवढी, एकसारखी. तुमचा जुना तांब्या कसा भसकन सांडायचा. तर त्याला चिंच लावू नका एवढंच सांगायचं होतं. तुम्ही आपले पंच्याच्या टोकानं पुसता ते ठीक आहे, पण वन्संचा हात फार शिवशिवतो, काळंहिरवं दिसलं की त्या चिंच घेऊन बसतात. त्यांना सांगा, हात लावायचा नाही. का, ते पुढं सांगते.

आधी मोठी बातमी. आता मी ते नाव लिहिते. आश्लेषा. हे बघा, लिहिलं. काही झालं नाही, कागद फाटला नाही.

काल आपल्या आश्लेषाचं भाषण झालं. वॉशिंग्टनला, मोठ्या म्युझियममध्ये, माईकवर, इंग्रजीत. हॉल भरला होता. मागं लोक उभे होते. मी इरकलीच नेसले, तुम्ही गौरीला घेतलेली, रेणू म्हणत होती ड्रेस घाला, आई, थंडी वाजेल, ती मेट्रोची गाडी फार गार असते. म्हटलं वाजू दे. नातीचं भाषण ऐकायला मी ड्रेस घालून जाऊ? गाडीत समोर एक गोरी बाई बसली होती, तिनं माझ्या पदराकडे बघून काहीतरी म्हटलं. रेणू म्हणाली, "तुमची साडी फार सुंदर आहे म्हणतायत." मी शेखरला म्हटलं, तिला सांग, माझ्या नातीचं भाषण आहे. त्यानं सांगितलं. ती बाई आमच्याबरोबरच उतरली आणि भाषणाला येऊन बसली की हो. माणसं बरी असतात सगळीकडं.

भाषणाच्या आधी आश्लेषानं मला एकटीला धरून सगळी भांडी दाखवली. चीनमधली, तीन हजार वर्षांपूर्वीची. कांशाची. एवढाले रांजण, कळशा, झाकणाचे डबे, एक तर चक्क घुबडाच्या आकाराचं, आणि सगळ्यांच्या पोटावर डोळे वटारलेली तोंडं, आपल्या देवळाच्या पायरीवर आहे ना तसं राक्षसाचं तोंड, हुबेहूब. सगळी हिरवी पडलेली, आडाच्या कडेला शेवाळ धरतं तशी. मी म्हटलं, "बाई गं, एवढं मोठं म्युझियम आणि एकाला चिंच लावायला सुचू नये?"

"आजी, प्लीज. इथे असं मोठ्याने नको म्हणू. तो गार्ड बघतोय."

"त्याला काय मराठी येतंय?"

"तुझा हात बघतोय तो. हात मागे घे."

तर म्हणे ते हिरवं म्हणजे मळ नव्हे. जमिनीखाली पडून पडून आपसूक चढतं ते, त्यालाच मान. मी म्हटलं बरं बाई. पांढऱ्या केसांसारखं दिसतंय.

पण मला सगळ्यात आवडलं ते निराळंच. एका भांड्याच्या आत अक्षरं कोरलेली होती, तळाशी. लोकांना दिसावीत म्हणून खाली उजेड पाडलाय. आश्लेषानं वाचून दाखवलं. चिनी वाचते हो ती, तेही जुनं, जे आता चिनी लोकांनासुद्धा सहज वाचता येत नाही. तिथं लिहिलंय, की अमक्यानं आपल्या आजीसाठी हे मोलाचं भांडं करवलं, मुलानातवंडांनी ते जपून वापरावं. मी म्हटलं, "म्हणजे नाव घातलंय."

"हो, आजी. एक्झॅक्टली तेच. नाव घातलंय."

शेखर हसत होता. हसायला काय झालं? आपल्या मांडणीत एक वाटी बिननावाची आहे का? चि. अमका यास मामाकडून, सौ. तमकी हिस मैत्रिणींकडून. डोहाळजेवणाचे पेले, वास्तुशांतीची ताटं. पंगत उठली की कुणाची वाटी कुणाच्या घरी गेली ते नावावरूनच कळतं. ते लोकही तसेच. फक्त त्यांचं नाव पितरांनी वाचायचं असायचं. त्यात गरम दारू घालून पितरांपुढं ठेवायचे.

झालं, शब्द आला. दारूचीच भांडी ती. तुम्हाला ठाऊकच आहे.

मघाशी रेणूनं जेवायला हाक मारली म्हणून उठले होते. वरणभात खाऊन परत बसलेय. आता सरळ लिहिते.

दोन वर्षांमागं आश्लेषानं तुम्हाला फोन केला होता, किती आनंदात होती पोर. कॉम्प्युटर सोडून मी आता हे शिकणार, आजोबा, मला कॉलेजनं घेतलं. तुम्ही म्हणालात, "काय शिकणार?" ती म्हणाली, "दारूची भांडी." आणि तुम्ही तिला म्हणालात, की दारूच्या भांड्यांवर शिकायचं असंल तर या उंबऱ्यात पाय ठेवू नको. आणि फोन ठेवलात. मी शेजारी गहू निवडत बसले होते. तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मी तुम्हाला बोल लावत नाही. मामंजींनी घोंगड्याखाली झाकून सासूबाईंची घागर नेली तेव्हा तुम्ही उंबऱ्यात बसला होता. त्यांच्या माहेरचं नाव घातलेली घागर. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, परत कधी नाही. सासूबाईंची मागं राहिलेली एकच वाटी देवघरात हळदीकुंकवाला आहे, ती का बदलू देत नाही तेही मला ठाऊक आहे. त्या माणसानं गावात दारूबंदी केली नाही तर कुणी करायची? सगळं गाव तुम्हाला अध्यक्ष म्हणतं ते काय उगाच? आणि त्याच्याच नातीनं उठून म्हणावं दारूची भांडी, तर माणूस फोन ठेवणारच.

पण ते राहिलेलं वाक्य मी काल ऐकलं. तेच पाठवण्यासाठी एवढा खटाटोप.

दिवे मंद केले आणि आश्लेषा उभी राहिली. केस बांधले होते, कानात माझ्या कुड्या. तोंडासमोर कागद धरला नाही. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग बघितलं नाही. शेखर माझ्या कानाशी लागून सांगत होता, पण तोही सारखा मधेच ऐकत राहायचा आणि सांगायचं विसरायचा. मी कोपर मारायचे.

मला कळलं ते असं. तिथं आधी एक राज्य होतं, त्यांनी ही भांडी केली. पितरांच्या निमित्तानं सुरू झालं आणि मग राजासकट सगळे प्यायला लागले. आपल्याकडं देवाच्या जत्रेचं होतं तसंच. मग शेजारच्या राजानं त्यांचं राज्य घेतलं. आणि घेतल्यावर त्यानं आपल्या माणसांना काय बजावलं असेल? की बाबांनो, हे लोक दारूपायी बुडाले. पितरांच्या पूजेपुरती ठेवा, एरवी टोळक्यानं पिताना दिसाल तर जिवंत ठेवणार नाही. तीन हजार वर्षांपूर्वी हो. कांशाच्या एका मोठ्या भांड्यात तसं कोरूनही ठेवलंय म्हणे, की ते राज्य दारूनं गेलं.

मी शेखरला म्हटलं, "अरे, ही तर आपल्या दारूबंदीच्या मतदानातली आडवी बाटली."

"श्श, आई."

"श्श काय? तुझ्या बापानं दुसरं काय केलं?"

आणि पुढं ऐका. शंभर-दीडशे वर्षांत तिकडं ही दारूची भांडी करणंच बंद झालं. एकेक प्रकार नाहीसा झाला. त्यांच्या जागी धान्याची, मटणाची भांडी आली. पितरांना दारू बंद आणि जेवण सुरू. म्हणजे आपला म्हाळच. कावळा उपाशी गेला नाही त्यांचाही.

हेच शिकते ती. दोन वर्षं तिनं हे एकच धरलंय, की एवढा मोठा देश, एवढी जुनी सवय, ती मोडली कशी. कुणी मोडली, कुणी विरोध केला, कुणाच्या घरी अजून गपचूप चालू होतं. जमिनीतून निघालेल्या एकेका घराण्याची भांडी मांडून ती बघत बसते, बापाच्या वेळी पेले किती, नातवाच्या वेळी किती. फोनवर तुमचं ऐकायचं राहिलेलं वाक्य हे होतं. "दारूची भांडी, आणि ती बंद कशी झाली." तुम्ही फोन अर्ध्यावर ठेवलात.

पण खरी गंमत याच्याही पुढं आहे. इंग्रजी अशी धो धो चालली होती, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मधेच एकदम माझ्या कानावर शब्द आला. आजोबा. मला वाटलं भास झाला. तर पुन्हा, आजोबा. मी शेखरकडे बघितलं तर तो समोर बघत होता. मी समोर बघितलं.

समोरच्या मोठ्या पडद्यावर तुम्ही.

घराएवढे. पांढरी टोपी, तो खांद्याशी उसवलेला सदरा, जो मी दोनदा शिवला आणि तुम्ही टाकू दिला नाही. शेजारी आपली आश्लेषा, फ्रॉकमधली, एक दात पडलेली. तिच्या हातात ताट आणि ताटात रिकामी बाटली, आडवी. आठवतंय ना? मतदानाच्या आधी तुम्ही तिला बरोबर घेऊन घरोघर फिरायचात, आणि ती बायकांना सांगायची, "आडव्या बाटलीवर शिक्का मारा." आडवी म्हणताना ड चा र व्हायचा तिचा, बायका मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायच्या. तेव्हा सुट्टीला आलेली होती. फोटो शेखरनंच काढलेला. तुम्ही त्याला म्हणाला होता, "फोटो काय काढतोस, चार घरं हिंडून ये."

सगळा हॉल तुमच्याकडे बघत होता. ती गाडीतली गोरी बाई पुढं वाकून बघत होती. एक म्हातारे चिनी प्रोफेसर पहिल्या रांगेत होते, तिचे मोठे गुरुजी, ते उगीच मान हलवत होते. मी शेखरला म्हटलं, "सांग की, काय म्हणतेय?" तर तो पुन्हा सांगायचं विसरला. माझ्या पलीकडून रेणूनं सांगितलं.

ती म्हणत होती, लोक मला विचारतात, तुला हा विषय कसा सुचला. मला तो या माणसानं दिला. माझ्या पणजीची घागर दारूत गेली. माझ्या आजोबांनी गावातल्या बायकांना गोळा करून दुकान बंद पाडलं. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटायचं, जगात असं फक्त माझ्या आजोबांनीच केलं. मोठी झाल्यावर कळलं, आणखी एका राजानं केलं होतं.

टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू. मीही वाजवल्या, मग आठवलं की आपल्याच माणसाला काय टाळ्या वाजवायच्या, मग म्हटलं वाजवू देत, तुम्ही कुठं बघताय. पासपोर्ट न काढता वॉशिंग्टनला जाऊन आलात, अध्यक्षसाहेब. बाहेर आल्यावर चार माणसं मला हात मिळवून गेली. त्यांना कळलं ना, की पडद्यावरच्या माणसाची बायको ही. मी पदर सारखा करून उभी. एका बाईनं विचारलं, ते दुकान अजून बंद आहे का? मी म्हटलं, "आहे. ते जिवंत आहेत तोवर उघडत नाही, आणि नंतर मी आहे." शेखरनं इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, सगळे हसले.

आश्लेषा नंतर माझ्या गळ्यात पडली, आणि पहिलं काय विचारलं असेल? भाषण कसं झालं ते नाही.

"आजी, आजोबांचा फोटो दाखवला, त्यांना राग येईल का?"

ती ऑक्टोबरात चीनला चालली आहे, तिथल्या मातीतली भांडी बघायला. डिसेंबरात मोकळी होईल. तिकीट काढायचंय. वाटेत मुंबई घालू, का सरळ इकडे परत येऊ, एवढंच तिनं मला विचारलंय. मी म्हटलं, घाल की मुंबई, घर तुझंच आहे. ती म्हणाली, "आजोबांनी बोलावलं तर. मी उंबऱ्याबाहेर उभी राहणार नाही, आजी." तुमचीच नात आहे. हट्टाला तोड नाही.

आता ते चिंचेचं सांगते. पंखा लावा आणि आधी थोडं पाणी प्या.

श्रावणात मी आश्लेषाला माझ्या फोनमधले फोटो दाखवत होते. मागच्या वर्षीच्या श्रावणी सोमवारचा तुमचा एक आहे, देवघरात, सोवळं नेसून, डोळे मिटून, महादेवावर धार धरलेली. तिनं फोन ओढून घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आणि मग खाली बसली आणि हसायला लागली. हसते, हसते, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "काय गं, काय झालं? देवाला हसतेस?"

"आजी, हे त्यांच्याकडे कुठून आलं?"

"तुझ्या बापानं दिलं. अभिषेकाचं आहे."

"आजी, तो पेला आहे. दारूचा."

"गप. काहीतरी बोलू नको."

"वेट. तुला दाखवते."

आणि काल दाखवलाच. काचेच्या पेटीत उभा होता. चोच, शेपूट, तीन पाय, दोन शिंगं. मी काचेला नाक लावून बघितलं. आपलं पाखरूच. निखाऱ्यावर दारू गरम करायला ते तीन पाय, आणि ओतायला ती चोच. तुमची केसाएवढी धार त्या लोकांनी कशासाठी करून ठेवली होती, कळलं ना?

अहो, बसलात का? रागावू नका, आधी पुरतं ऐका. आपलं पाखरू जुनं नाही. आश्लेषा म्हणते, फोटोवरूनच कळतं, नक्कल आहे, चाळीस-पन्नास वर्षांमागं कुणीतरी शोकेसमध्ये ठेवायला केलेली, ते हिरवंही वरून लावलेलं. चिंच लावली तर सगळं जाईल, म्हणून सांगितलं. म्हणजे त्यात आजवर दारूचा एक थेंब कुणी ओतलेला नसणार. त्याच्या पोटात काय गेलंय? आपल्या म्हशीचं दूध आणि आपल्या आडाचं पाणी. जन्मला पेला म्हणून, पण जातीनं निर्व्यसनी. गावात असे किती सापडतील?

तरी मला हसू आवरत नाही, खरं सांगते. दारूबंदी समितीच्या सभेआधी तुम्ही सगळ्यांना हात पुढं करायला लावून त्याच चोचीतून तीर्थ देता. महाशिवरात्रीला देवळात नेता ते वेगळंच. अख्ख्या गावानं त्यातून घेतलंय. हे वन्संना सांगू नका. भावकीत तर मुळीच नको. मी नि तुम्ही नि आश्लेषा नि शेखर, बस. शेखरला कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, "आई, आप्पा मला घरात घेणार नाहीत." मी म्हटलं, एक बाहेर आहे, तू दुसरा.

आश्लेषाला मी विचारलं, हसतेस ती हसतेस, रडतेस का? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठी तुम्ही पहाटे अंघोळ करून ताठ बसून वाचावं असं मला वाटतं. ती म्हणाली, "आजी, त्या राजाला पेले बंद करावे लागले. आजोबांनी पेला ठेवला आणि दारू बंद केली."

तर माझं एक ऐका. पाखरू आडात टाकू नका. मला माहीत आहे, तुमचा हात तिकडंच जाईल. त्याऐवजी ते फडक्यात गुंडाळा, आणि बाजारच्या दिवशी विट्याला जा. संग्रामच्या भांड्यांच्या दुकानात ते नाव घालायचं मशीन आहे, करकर वाजतं ते. त्याला म्हणावं, पाखराच्या कडीखाली, पोटाला, बारीक अक्षरात नाव घाल. चिनी लोक तिथंच घालायचे, आश्लेषानं दाखवलं. काय घालायचं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर एवढंच: चि. आश्लेषा हिस, आजोबांकडून. नाव तोंडानं घ्यायला अजून जड जात असेल तर कागदावर लिहून द्या, तो बघून कोरेल. पण अक्षर तुमचं असू द्या. त्या हॉलमधल्या भांड्यांवर राजांची नावं होती, सरदारांची होती, पण आपल्या नातीला तुमचं अक्षर ओळखू येतं, राजाचं ओळखायला तिला दोन वर्षं शिकावं लागलं.

आणि नाव घातलंत की एक फोटो काढा. त्या बोळातल्या राजला सांगा, तो मोबाईलवरून मला पाठवेल. तुम्ही फोन करायची गरज नाही. बोलायचीही नाही. फोटो आला की मी तिला दाखवीन आणि ती मुंबईचं तिकीट काढेल. नाही आला तर मी समजेन, तिला काही सांगणार नाही, आणि परत आल्यावर तुम्हालाही काही विचारणार नाही. पण मग रोज सकाळी महादेवाला काय सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा.

नाव तिचं, म्हणून वस्तू तिच्याकडे गेली पाहिजे असं नाही. आपल्या मांडणीत निम्म्या वाट्यांवर दुसऱ्याचीच नावं आहेत. पाखरू देवघरातच राहू द्या, धार तुम्हीच धरा. ती आली की एकदा तिच्या हाताला हात लावून धरा.

मायना मला धड घालता आला नाही. शेवट तरी नीट घालते. तुमचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आणि उखाणाही पंगतीत लोकांनी अडवलं तेव्हाच. पण भांड्यावर घालायला हरकत नसते. या कागदावरही नसावी.

श्री. प्रल्हाद यांस
सौ. अहिल्या हिजकडून
सप्रेम भेट.
मुलानातवंडांनी जपून वापरावे.